डाव्या विणीचं घर

घरातल्या धाकट्या सुनेनं, धाकटीनं, पँट काढायला दोरीकडे हात नेला आणि हात तसाच वर राहिला.

रंग झकास उतरला होता. मांडीवर जरा फिका, शिवणीच्या कडेनं गडद, जीन्सचा उतरावा तसाच. कंबर मागून उंच धरलेली, बसल्यावर पाठ उघडी पडू नये म्हणून. खिसे मनगटापर्यंत हात जाईल एवढे खोल. सगळं तिनं कागदावर कापलेल्या फर्म्याबरहुकूम. फक्त पाय पिळले होते. कमरेपासून घोट्यापर्यंत बाजूनं सरळ खाली यायला पाहिजे ती शिवण उजव्या पायाला वळून नडगीवर आली होती, आणि डाव्या पायाला मागं पोटरीवर गेली होती. एक पाय बाजाराला निघालेला, दुसरा घराकडे परतलेला.

तिनं पँट हातानं झटकली. ओढली. पायरीवर बसून मांडीवर घेतली आणि तळव्यानं दाबून बघितली. सोडली की शिवण पुन्हा आपल्या जागी, म्हणजे नको त्या जागी.

बरं, ही एकटीच पँट असती तर पायपुसणं करून मोकळी झाली असती बाई. पण आत शिवणखात्यात अशाच पँटींची चळत तयार होती, आणि परवा डेपोतल्या बाया त्या न्यायला येणार होत्या. बस चालवणाऱ्या बाया. इतके दिवस त्यांनी पुरुषांच्या पँटी घातल्या. कमरेला ढगळ, मांडीला आवळ. दुकानातल्या बायकांच्या पँटी बघाव्यात तर खिशाच्या जागी नुसती टीप, आत बोटसुद्धा जात नाही. मग त्या इथं आल्या. धाकटीनं त्यांची मापं त्यांना खुर्चीत बसवून घेतली होती. दादा, तिचा थोरला दीर, तेव्हा पोट धरून हसला होता. "अगं, माणसं कपडे उभ्यानं घालतात!" धाकटी म्हणाली होती, "ह्या बाया दिवसभर बसतात, दादा."

हसून झाल्यावर दादानं अट मात्र चोख घातली होती. एक लॉट. नीट गेला, तर खिडकीजवळचं टेबल धाकटीचं आणि बायकांचं काम कायमचं सुरू. नाही गेला, तर परत पुरुषांच्या पँटींना कमरपट्टे लावत बसायचं आणि फर्म्याचं नाव काढायचं नाही.

लॉट द्यायच्या आधी स्वतःच्या मापाची एक पँट शिवून घरी धुऊन बघायची, ही तिचीच सवय. कुणी सांगितलं नव्हतं. न बघता दिल्या असत्या तर बायांच्या घरी जाऊन पिळल्या असत्या.

ती उठली. लपवून ठेवायचा विचार मनात आला नाही असं नाही. आला, अंगणाच्या तिसऱ्या पायरीपर्यंत टिकला आणि गेला.

---

सुट्टीचा दिवस होता. माग बंद, मशिनं बंद, आणि सगळं घर कापणीच्या टेबलाभोवती चहाला बसलेलं. राहतं घर वरती, पण एवढी माणसं एकदम मावतील असं टेबल खालीच. म्हणून ह्या घरात सुट्टीचा चहा नेहमी खडूच्या रेघांवरच प्यायला जायचा. कुणाच्या ना कुणाच्या कोपराला पांढरं लागलेलं असायचंच.

धाकटीनं कपबशा सरकवल्या आणि पँट मधोमध ठेवली.

"हे काय?" दादा म्हणाला.

"पँट."

"पँट कळते मला. हिला झालंय काय? अंगावरून वारं गेलं काय हिच्या?"

"धुतल्यावर पिळली."

दादानं पँट उचलली, डोळ्यांपासून लांब धरली, मग जवळ आणली, मग परत लांब. चष्मा त्याच्या शर्टाच्या खिशात होता. तो नेहमी तिथंच असायचा, म्हणून तर त्याच्या काचा नव्यासारख्या राहिल्या होत्या.

"सांगत होतो मी," तो म्हणाला. "बायकांचं अंग म्हणजे नुसती वळणं. तिथं फर्मा चुकणार म्हणजे चुकणारच."

"वळण तर तुलाही आहे की एक, पुढच्या अंगाला," आक्का म्हणाली. "तुझी पँट बरी पिळत नाही."

चहा पिता पिता धाकटीच्या नवऱ्याला, धाकट्याला, ठसका लागला. आक्का म्हणजे ह्या दोघा भावांची थोरली बहीण. नीळ चढवायचं काम तिचं. हात कोपरापर्यंत निळे, धुऊन जाण्यापलीकडचे. गल्लीतली पोरं तिला निळी आक्का म्हणायची आणि ती ओ द्यायची.

"फर्मा चुकला तर पँट कुठंतरी आवळेल, कुठंतरी लोंबेल," धाकटी म्हणाली. "पिळणार नाही. पिळतं ते कापड."

दादाची मान वर झाली.

"माझं कापड?" दादा म्हणाला.

"मी तुमचं म्हटलं नाही."

"मग कुणाचं? माग कोण चालवतो? शेजारचा?"

दादा ओरडला खरा, पण तो ओरडला की बाकीच्यांना कळायचं, आत काहीतरी हललंय. तात्यांचा, म्हणजे बापाचा, हात धरून तो मागावर बसायला शिकला होता. निळं सूत उभं, पांढरं सूत आडवं. आडवं सूत एका उभ्याच्या वरून आणि तिघांच्या खालून काढायचं, पुढच्या ओळीत एक घर सरकायचं. तसं सरकत गेलं की कापडावर तिरकी रेघ चढते. वरून निळं दिसतं, उलट्या बाजूनं पांढरं. धोट्याचा आवाज नुसता ऐकून कुठल्या मागाचं सूत तुटणार आहे ते त्याला कळायचं. हल्ली मात्र ऐकू येतं तेवढं दिसत नव्हतं, आणि हे तो स्वतःशीसुद्धा कबूल करत नव्हता. जुना माग मोडला, नवा आणला, बसवणारा मिस्त्री म्हणाला झालं साहेब, दादानं कापडावरून हात फिरवला आणि म्हणाला चालू दे. हातानं बघितलं होतं. आता पँटवरूनही त्यानं तसाच हात फिरवला.

"दे इकडं," आक्का म्हणाली.

तिनं नखानं शिवण खरवडली, वास घेतला, जिभेच्या टोकालाही लावणार होती, पण घरातली पोरगी, चिमणी, जिन्यावरून येताना दिसली म्हणून राहिली. ती असं करायला लागली की चिमणी ओरडायची.

"रंगाचं काही नाही," ती म्हणाली.

ती सांगते म्हणजे नव्हतंच. सुताचे दोर कुंडात बुडवायचे, वर काढायचे. वर येतात तेव्हा ते निळे नसतात, शेवाळासारखे हिरवट असतात. हवा लागली की बघता बघता निळे होतात. परत बुडवायचे, परत वर. धाकटी लग्न होऊन आली त्या आठवड्यात आक्का तिला कुंडाशी घेऊन गेली होती आणि म्हणाली होती, "बुडताना नाही चढत बरं का नीळ. वर येऊन श्वास घेते तेव्हा चढते." आणि म्हणाली होती, "आतपर्यंत जाऊ द्यायची नाही. सुताचा गाभा पांढराच ठेवायचा. म्हणून तर जीन्स वापरून वापरून माणसासारखी फिकी होते." नव्या घरात रात्ररात्र डोळ्याला डोळा लागत नव्हता तेव्हा धाकटीला ते श्वासाचं बोलणं फार बरं वाटलं होतं. आत्ताही ती आक्काच्या निळ्या हातांकडेच बघत होती.

"मग राहिलं काय?" दादा म्हणाला. "रंग चांगला, कापड चांगलं, फर्मा चांगला. पँटच मुळात नालायक, असं लिहून देऊ डेपोला?"

---

तेवढ्यात चिमणी टेबलाशी आली. दादाची आणि वहिनीची लेक. हातात बिस्कीट, पायात जीन्स. काकूच्या फर्म्याची सगळ्यात पहिली पँट हिच्याच पायात गेली होती. आईनं शिवून दिलेली ती पँट पोरगी अंगातून काढायला तयार नसायची. धुतली की ओलीच घालायची.

"कोण मेलं?" चिमणी म्हणाली. "अशी का बसलात सगळी?"

"थांब," आक्का म्हणाली. "वळ."

"का?"

"वळ म्हटलं ना."

चिमणी बिस्कीट खात गोल फिरली. दोन्ही पायांच्या शिवणी ओळंबा सोडल्यासारख्या सरळ.

आक्का उठली, चिमणीच्या पायाशी वाकली आणि टेबलावरची पँट तिच्या मांडीला लावली. दोन्ही कापडं शेजारी शेजारी. पोरीच्या पायावरच्या बारीक तिरक्या रेघा डाव्या हाताला चढत होत्या. टेबलावरच्या पँटीच्या उजव्या हाताला.

"अरे देवा," आक्का म्हणाली. "हे उजवं आहे."

आता ही गंमत ह्या घरातच होऊ शकते. तात्या डावखुरे. त्यांनी पहिला माग बांधला तेव्हा तिरकी रेघ डावीकडे चढवली, कारण त्यांच्या डोळ्याला तेच बरं दिसायचं. बाहेर बहुतेक ठिकाणी जीन्सची रेघ उजवीकडे चढते. ह्यांच्याकडे सगळे माग डावे, सगळं कापड डावं, आणि डावं म्हणजेच सरळ. अशा तिरक्या विणीच्या कापडाला धुतल्यावर पिळायची खोड असतेच. म्हणून शिवायला देण्याआधी ते ओलसर करून मुद्दाम उलट्या बाजूला ओढून ठेवायचं, म्हणजे पुढं धुतल्यावर ते बरोबर सरळ येतं. घरात ह्याला ओढ देणं म्हणायचे, आणि ते मशीन धाकट्याकडं. त्याच्या मशीनचा दांडा तात्यांच्या काळापासून एकाच बाजूला लावलेला, डाव्या विणीसाठी. नवा माग बसवणाऱ्या मिस्त्रीनं बसवला जगाच्या रीतीनं, उजवा. धाकट्यानं ओढ दिली घरच्या रीतीनं. म्हणजे जे कापड आधीच पिळायला बसलं होतं, त्याला ह्यांनी आणखी हात दिला.

"मग हिची कशी सरळ?" दादानं चिमणीकडं बोट केलं. "ही कुठल्या ताग्यातली?"

वहिनीनं कप खाली ठेवला. ठेवताना बशीवर वाजला.

तिला माहीत होतं. नव्या मागाचा पहिला तागा तिच्या टेबलावर उलगडला तेव्हाच तिला रेघ दिसली होती. शिवणखातं तिच्या हातात होतं ते उगाच नाही. टीप मारताना नाकासमोर कापडच असतं, दुसरं काय बघणार? तिनं तोंड उघडलंही होतं. पण त्याच दिवशी दादा चहा पिताना म्हणाला होता, "धाकटीचं डोकं चालतं हं. आपल्याला बायकांसाठी शिवायचं हे इतकी वर्षं सुचलं नाही." आपल्याला. त्या आपल्यात वहिनीही आली. इतकी वर्षं तिनं ह्या घरासाठी शिवलं, खिडकीजवळचं टेबल कधी मागितलं नाही, आणि कुणी देऊही केलं नाही. तोंड मिटलं. म्हटलं, शिकू दे जरा. आणि पोरीसाठी कापायची वेळ आली तेव्हा समोरचा नवा तागा सोडून, शिडी लावून, आक्काच्या माळ्यावरच्या जुन्या ताग्यातून कापड काढलं. हात आपोआप तिकडं गेला. तेव्हा वाटलं होतं, एखादी पँट वाकडी निघेल, चार दिवस हसतील. डेपोच्या बाया, दादाची अट, हे पुढं एकात एक अडकत गेलं, आणि रोज सांगायला रोज उशीर होत गेला.

"बोल की," दादा म्हणाला. "हिची शिवली कुणी?"

"आईनं," चिमणी म्हणाली. "आईनंच तर वरनं काढ—"

"शिवली वहिनींनी," धाकटी म्हणाली. "कापड मी दिलं होतं. नमुन्याला म्हणून जुन्या ताग्यातलं काढलं."

चिमणीनं काकूकडं बघितलं. मग आईकडं. पोरगी लहान नव्हती. तिनं उरलेलं बिस्कीट तोंडात कोंबलं आणि तोंड बंद ठेवलं.

"तू दिलंस," दादा म्हणाला. "म्हणजे दोन्ही कापडं तुझ्या हाताखालून गेली. आणि तुला फरक दिसला नाही?"

"नाही दिसला. आमच्या माहेरी उजवंच कापड यायचं. माझ्या डोळ्याला तेच सरळ."

एवढं मात्र तिचं खरं होतं. नवा तागा उलगडला तेव्हा तिला उगीचच माहेरी आल्यासारखं वाटलं होतं. का ते आत्ता कळलं.

"म्हणजे चूक तुझी," दादा म्हणाला. "संपलं. ठरल्याप्रमाणे टेबल—"

"दादा, ओढ मी दिली," धाकटा म्हणाला.

बायको बोलते तेव्हा हा कप न्याहाळत बसतो, असा घरात लौकिक होता. आत्ताही तो कपाशीच बोलत होता, पण बोलत होता. "कापड माझ्या मशीनवर पांढरी बाजू वर करून येतं. त्या बाजूला रेघ पुसट दिसते. पण बघायला तर पाहिजे होतं. दांडा तात्यांनी लावला तिथंच ठेवला मी. तिला कशाला?"

"आणि माग?" आक्का म्हणाली. "माग कुणी लावून घेतला रे?"

"मिस्त्रीनं," दादा म्हणाला.

"बघून कुणी घेतलं?"

दादा बोटानं टेबलावरची खडूची रेघ पुसायला लागला.

"काढ तो," आक्का म्हणाली.

"काय?"

"खिशातला."

दादानं चष्मा काढला. कानावर चढवला. पँट उचलली. बराच वेळ बघत राहिला, जशी काही ती पँट त्याला काहीतरी वाचून दाखवत होती.

"च्यायला," तो हळूच म्हणाला. "उजवं आहे की. उघडं उजवं आहे."

"तुला काय काय दिसायला लागलंय बघ," आक्का म्हणाली. "आता माझ्याकडंही बघ, म्हातारी झाले का ते सांग."

"झालीस," दादा म्हणाला, आणि हसला. हसता हसता चष्मा काढून शर्टाला पुसायला लागला. पुसायची काही गरज नव्हती त्याला.

---

वहिनी उठली. कुणी काही म्हणायच्या आत म्हणाली, "परवा संध्याकाळी येणार ना बाया? मग आत्ता बसून काय करायचं? आक्का, तुमच्या माळ्यावर जुन्या मागाचे तागे आहेत अजून. डावे."

"ते माझे आहेत," आक्का म्हणाली. "मी मेल्यावर माझ्या गादीला खोळ शिवायची त्याची."

"मेल्यावर गादी कशाला लागते?"

"आता नाही लागत. घेऊन जा." आक्कानं चहा संपवला. "शिडी धरा पण. गुडघा बोलतो माझा."

"तेवढं पुरणार नाही," धाकटी म्हणाली.

"नव्या मागाचे न कापलेले तागे आहेत," धाकटा म्हणाला. "परत ओले करतो, वाफ देतो आणि दांडा फिरवून उलटी ओढ देतो. होईल असं वाटतं. नुसतं वाटतं हं, सांगून ठेवतो."

वहिनी चपला घालून निघालीसुद्धा होती, शिवणखात्यातल्या बायांच्या दारोदार जायला. सुट्टीच्या दिवशी बोलवायचं म्हणजे दोन शब्द ऐकायची तयारी लागते. तिची होती.

धाकट्यानं मशीनचा दांडा सोडवायला घेतला. गंजून बसला होता. तात्यांनी आवळलेला नट. त्यानं पान्याला सगळं वजन दिलं, तोंडानं काहीबाही पुटपुटला, आणि नट सुटला तेव्हा पान्यासकट मागं बसला. मग कापडाचा एक तुकडा भिजवून, ओढून काढला. त्यावर धाकटीनं खडूनं नव्हे, दोऱ्यानं एक चौकोन शिवला. धुतल्यावर चौकोन कलंडला तर कापड फसवणार. चौकोन राहिला तर नाही.

तुकडा धुऊन वाळत घातला आणि दोघं नवरा-बायको अंगणात उन्हात बसून त्याच्याकडं बघत राहिली.

"चिमणीला कापड तू कधी दिलंस गं?" धाकटा म्हणाला. "माळ्याची शिडी त्या दिवसांत माझ्याकडं होती. तू चढली नव्हतीस."

"गप बसा."

"वहिनी मागायला आली होती शिडी."

"गप बसा म्हटलं ना."

त्यानं पायाजवळचा एक खडा उचलून लांब टाकला. मग म्हणाला, "मी तुला आधी कधी सांगितलं नाही, पण..." आणि पुढं काही सुचेना तेव्हा उठून तुकड्याला हात लावून आला. "वाळला वाटतं."

धाकटीनं पट्टी लावली. ह्या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत, मग उरलेल्या दोन कोपऱ्यांत. चौकोन चौकोनच होता.

धाकट्यानं तो तुकडा घडी करून खिशात ठेवला, जसा काही कुणी बक्षीस दिला होता.

---

ती दुपार आणि पुढचा सगळा दिवस टेबलाला उसंत मिळाली नाही. दादा चष्मा लावून कापणीला उभा राहिला, आणि प्रत्येक थर मांडताना मोठ्यानं म्हणायचा, "डावं!" किंवा "उजवं, पण ओढलेलं!" डावं वेगळं, उजवं वेगळं, एका पँटीत दोन्ही जायला नको. शिवणाऱ्या बायांना त्याचा इतका कंटाळा आला की शेवटी त्याच आधी ओरडायला लागल्या.

आधी शिवलेल्या पँटींची बटणं, चेन, खिशाची अस्तरं काढून नव्यांना लावायची होती. ते उसवायचं काम वहिनीनं स्वतःकडं घेतलं. एवढी मोठी बाई उसवत बसली म्हणून बाकीच्यांना नवल वाटलं. धाकटी अस्तरं न्यायला आली तेव्हा खिडकीपाशी दोघीच होत्या.

"का केलंस?" वहिनी म्हणाली. मान खालीच.

"काय?"

"काय काय करतेस. मला कळत नाही काय?"

धाकटीनं अस्तरं मोजल्यासारखी केली. "मी आले त्या महिन्यात," ती म्हणाली, "माझी पहिली टीप वाकडी गेली होती. मागच्या खिशाची. दादांनी पँट उचलून सगळ्यांसमोर विचारलं होतं, ही घाण कुणाची. मला रडूच येणार होतं. तुम्ही म्हणालात, माझी. डोळ्यात कचरा गेला होता म्हणालात."

वहिनीनं वर बघितलं. "मी?"

"तुम्ही."

"मला आठवत नाही गं."

"मला आठवतं."

वहिनी पुन्हा उसवायला लागली. ब्लेड टाक्यातून सरकवायची, दोरा ओढायची, झटकायची. एक खिसा उसवून झाल्यावर म्हणाली, "मी बघितलं होतं. पहिल्याच दिवशी."

"माहीत आहे."

"सांगायला पाहिजे होतं."

"हो," धाकटी म्हणाली. "पाहिजे होतं." आणि अस्तरं उचलून गेली. खोटं गोड बोलली नाही. वहिनीला त्याचंच बरं वाटलं.

---

ठरल्या संध्याकाळी डेपोच्या बाया आल्या. पुढं त्यांची मोठी ड्रायव्हरीण. तिला डेपोत हॉर्नबाई म्हणायचे, आणि का ते ती गल्लीत असतानाच कळायचं.

"आहेत का कुणी! झाल्या का पँटी, का नुसतं मापच घेतलं आमचं?"

पडद्यामागं जाऊन ती पँट घालून आली. चालली. वाकली. दादानं तिला आदरानं खुर्ची दिली. ती बसली, एक पाय क्लचवर दाबल्यासारखा दाबला, हवेतच गिअर टाकला, मान वळवून मागं बघितलं. कमरेला मागं हात लावला. कापड तिथंच होतं, पाठ झाकून. मग उठली आणि खिशात हात घातला. हात आत गेला, मनगटापर्यंत गेला. ती तशीच उभी राहिली. पहिल्यांदाच तिचा आवाज खाली आला.

"माझ्या आईला दाखवायला पाहिजे हे," ती म्हणाली. "जन्मभर किल्ल्या हातात धरून फिरली."

बाकीच्या बाया पडद्याशी गर्दी करत होत्या. दादा चष्म्यातून एकेकीच्या शिवणीकडं बघत होता. सरळ, सरळ, सरळ. शेवटची बघून झाली तेव्हा तो खिडकीपाशी गेला, तिथल्या टेबलावरचा आपला जुना पसारा, रिकाम्या रिळांचा खोका, तुटका पंखा, सगळं एकट्यानं उचलून बाहेर नेलं. परत येऊन टेबल हातानं झाडलं आणि धाकटीला म्हणाला, "खडू तुझा तू आण."

"तात्या असते तर," आक्का म्हणाली.

"तात्या असते तर म्हणाले असते, उजवं कापड माझ्या घरात आलंच कसं," दादा म्हणाला. "आता येऊ दे. आलंय तर राहू दे एक माग उजवा. ओढायला माणूस आहे आपल्याकडं."

धाकटा कपाकडं बघत हसला.

तेवढ्यात जिन्यात पावलं वाजली आणि सगळ्यांनी वळून बघितलं. चिमणीच्या तोंडून किंकाळीसारखं काहीतरी निघालं. "आई!"

वहिनी पँट घालून आली होती. उभ्या जन्मात कधी घातली नव्हती ती. आणि पँट कुठली, तर तीच. दोरीवरची. पिळलेली. धाकटीच्या मापाची ती वहिनीला कुठली बसायला, म्हणून दोन्ही बाजूंनी उसवून कळ्या घालून रुंद केली होती, पण गुडघ्याखाली शिवण तशीच ठेवलेली. एक नडगीवर, एक पोटरीवर.

"अगं, ती टाकायची होती," दादा म्हणाला. हसू त्याच्या पोटातून वर येत होतं. "तुला हवी तर नवी शिव की. सरळ!"

"मला हीच पाहिजे," वहिनी म्हणाली.

"चालताना तू कुठं निघालीस तेच कळणार नाही लोकांना!"

सगळं खातं हसलं. आक्का हसली, शिवणाऱ्या बाया हसल्या, हॉर्नबाई तर एवढी हसली की रस्त्यावरची माणसं आत डोकावायला लागली. वहिनीही हसली, आणि त्याच पँटीतून ताठ चालत आपल्या मशीनपाशी जाऊन बसली. बसल्यावर नडगीवरची ती वाकडी शिवण बरोबर तिच्या नजरेसमोर येत होती.

धाकटी तेवढी हसली नाही. ती खडू घ्यायला म्हणून वहिनीच्या मशीनपाशी गेली.

"खिसे कसे आहेत?" तिनं विचारलं.

वहिनीनं हात घातला. मनगटापर्यंत.

"खोल आहेत," ती म्हणाली. "चांगले खोल आहेत."